त्रैराशिक जेथें चुकतें



मी आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. एका भिंतीस चार दिवस लागतात, तर पांच भिंतींस किती? मुलें उत्तर देत, मी बरोबरची खूण करीं, आणि जगांतील सारीं कामें याच हिशेबानें वाढतात असा माझाहि समज होता. तो समज एका परीक्षेच्या मोसमांत गेला. ती हकीकत आधीं सांगतों. कारण आजच्या विषयाचें मर्म तिच्यांतच आहे.

वर्गाच्या साठ उत्तरपत्रिका क्रमांकाप्रमाणें लावणें हें नेहमींचें काम. माझी रीत साधी होती. एक पत्रिका उचलावी, लावलेल्या गठ्ठ्यांतील एकेक क्रमांक पाहत जावें, आणि जागा सांपडली कीं तेथें सारावी. अर्ध्या तासांत काम उरके. एके वर्षीं आमची शाळा परीक्षेचें केंद्र झाली आणि एक ते सहाशें क्रमांकांच्या पत्रिका माझ्यापुढें आल्या. दहापट पत्रिका, म्हणजे दहापट वेळ, म्हणजे पांच तास, असें त्रैराशिक मांडून मी सकाळीं बसलों. दिवेलागण झाली तरी निम्मा गठ्ठाहि लागला नव्हता.

चूक कोठें झाली? आरंभींच्या पत्रिकांना जागा चटकन् मिळते. पण गठ्ठा वाढत जातो तसतशी प्रत्येक नव्या पत्रिकेला शेंकडों क्रमांक ओलांडावे लागतात. साठ पत्रिकांना सरासरीनें नऊशें वेळां क्रमांक ताडून पाहावे लागतात, तर सहाशांना सुमारें नव्वद हजार वेळां. पत्रिका दहापट, काम शंभरपट!

शेवटीं आमच्या शिपायालाच दया आली. "गुरुजी, द्या इकडे," म्हणून त्यानें सगळा ढीग जमिनीवर घेतला. प्रथम शेंकड्यांचे सहा ढीग केले. मग प्रत्येक ढिगांतून दहादहांचे. आणि दहांच्या ढिगांतील पत्रिका हातासरशी लावून टाकल्या. प्रत्येक पत्रिकेला तीनदां हात लागला, म्हणजे सारें काम अठराशें हालचालींचें. रात्रीच्या जेवणापूर्वीं आम्ही घरीं होतों. माझे हात कांहीं त्याच्या हातांहून मंद नव्हते. मंद होती ती माझी रीत.

अशा ठराविक पायऱ्यांच्या रीतीला संगणकशास्त्रांत अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकांत बगदाद येथें राहणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नांवावरून हा शब्द आला. आपल्या हिंदी अंकांची ओळख युरोपला त्याच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरानेंहि झाली. असो.

पुष्कळ सुशिक्षितांस वाटतें कीं, यंत्र वेगवान असलें म्हणजे रीत कशीहि चालेल. आपण हिशेबच करूं. एका मोठ्या शहरांतील दहा लाख नांवें अनुक्रमानें लावावयाचीं आहेत व प्रत्येक नांवास सहा अंकी क्रमांक आहे. माझ्या रीतीनें सुमारें पंचवीस हजार कोटि वेळां ताडून पाहावें लागेल. शिपायाच्या रीतीनें प्रत्येकास सहादां हात, म्हणजे साठ लाख हालचाली. आतां मला त्याच्याहून हजारपट वेगवान यंत्र दिलें तरीहि त्याचें काम माझ्या चाळीसपट आधीं संपेल. आणि नांवें जितकीं वाढतील तितका माझा पराभव मोठा होत जाईल. म्हणून या शास्त्रांत "किती वेळ लागला?" असें न विचारतां, "काम मोठें झालें कीं वेळ कोणत्या चालीनें वाढतो?" असें विचारतात.

कांहीं चाली फार सौम्य असतात. क्रमानें लावलेल्या दहा लाख नांवांत एक शोधावयाचें तर मधलें पाहून निम्मी यादी सोडून द्यावी. वीस वेळांत नांव सांपडतें. यादी दुप्पट झाली तर एकवीस वेळांत!

याच्या उलट, कांहीं चाली भयंकर असतात. दिलेल्या संख्येचे अवयव काढणें हें त्यांचें उदाहरण. लहान संख्यांनीं एकामागून एक भाग देऊन पाहावयाचें म्हटलें, तर मूळच्या संख्येंत दोन अंक वाढले कीं काम दहापट होतें. दोनाचा सदुसष्टावा घात घेऊन त्यांतून एक वजा करा. ही एकवीस अंकी संख्या अविभाज्य आहे असें मर्सेन यांनीं १६४४ मध्यें म्हटलें होतें. १८७६ मध्यें ल्युका यांनीं ती अविभाज्य नाहीं असें दाखविलें. मौज ही कीं, अवयव मात्र त्यांना ठाऊक नव्हते! ते अमेरिकेंतील कोल यांनीं १९०३ मध्यें मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. या शोधांत तीन वर्षांचे रविवार गेले असें त्यांनीं सांगितल्याचें म्हणतात. पण हा गुणाकार पडताळून पाहावयास नऊ गुणिले बारा, म्हणजे एकशेंआठ लहान गुणाकार व एक लांब बेरीज पुरते. माझ्या वर्गांतील मुलानें तें दुपारच्या सुट्टीपूर्वीं केलें असतें.

करावयास सोपें, उलटावयास कठीण, या विषमतेचेंच १९७७ मध्यें रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या त्रयीनें कुलूप बनविलें. दोन प्रचंड अविभाज्य संख्यांचा गुणाकार सर्वांस सांगावयाचा. किल्ली म्हणजे त्याचे अवयव. आपण मोबाइलवरून बँकेचा व्यवहार करतों, माझें निवृत्तिवेतन ज्या खात्यांत जमा होतें तें मी घरबसल्या पाहतों, त्यामागें हीं आणि याच जातीचीं कुलपें असतात. त्याच वर्षीं त्या तिघांनीं १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून प्रसिद्ध केली व शंभर डॉलरांचें बक्षीस ठेविलें. ती फोडावयास कोट्यवधि वर्षें लागतील असा अंदाज होता. १९९४ मध्यें ती फुटली. शेंकडों लोकांनीं आपापलीं यंत्रें त्या कामीं जुंपलीं हें खरें. पण मधल्या काळांत पॉमरन्स यांनीं काढलेली नवी रीत नसती तर तीं सारीं यंत्रें माझ्यासारखीं दिवेलागणीपर्यंत बसून राहिलीं असतीं. २०२० मध्यें २५० अंकी संख्या फुटली. हल्लीं प्रचारांत असलेल्या संख्या ६१७ अंकी असतात.

मग याहूनहि चलाख रीत नाहींच काय? तसें कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. २००२ मध्यें कानपूरच्या आय. आय. टी. मधील मणींद्र अगरवाल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनीं, संख्या अविभाज्य आहे कीं नाहीं हें निश्चित ठरविण्याची सौम्य चालीची रीत काढून जगाला चकित केलें. मात्र ल्युका यांच्याप्रमाणें तीहि अवयव सांगत नाहीं. ज्याचें उत्तर पडताळावयास सोपें असतें, तें शोधावयासहि सोपें असतें काय, हा स्टीफन कुक यांनीं १९७१ मध्यें नेमक्या रूपांत मांडलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. अमेरिकेंतील क्ले गणित संस्थेनें २००० मध्यें त्यावर दहा लाख डॉलरांचें पारितोषिक लावलें आहे. म्हणजे आपल्या खात्यांचीं कुलपें कोणत्याहि सिद्धान्तावर उभीं नाहींत. चलाख रीत अजून कोणास सांपडली नाहीं, एवढ्यावर उभीं आहेत.

निराळ्या जातीच्या यंत्रासाठीं मात्र ती सांपडली आहे. अणुपरमाणूंच्या नियमांवर चालणारा क्वांटम संगणक पुरेसा मोठा बनला तर तो अवयव झपाट्यानें काढूं शकेल, हें पीटर शोर यांनीं १९९४ मध्येंच दाखवून ठेविलें. तसें मोठें यंत्र अजून बनलेलें नाहीं. तरीहि अमेरिकेच्या मानक-संस्थेनें २०२४ च्या ऑगस्टमध्यें अवयवांवर मुळींच न विसंबणाऱ्या नव्या कुलपांचीं मानकें जाहीर केलीं. यंत्र नसतांना एवढी घाई कां, असें मला एका शेजाऱ्यांनीं विचारलें. कारण असें कीं, आज चोरून जपून ठेवलेला बंद संदेश तें यंत्र बनल्यावर उघडतां येईल.