ई-रीडर आणि मराठीच्या अभ्यासकाचे वाचन

नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यातील कन्हान हे नदीकाठचे, कोळसाखाणींच्या परिसरातले गाव. नदीपलीकडे कामठी आणि तेथून पुढे नागपूर. कन्हानला राहून नागपुरात शिकणाऱ्या वा शिकवणाऱ्या माणसाचे बरेचसे वाचन घरी आणि प्रवासात होते. संदर्भग्रंथ मात्र नागपूरच्या ग्रंथालयांत असतात. शेकडो पुस्तके एका वहीएवढ्या जागेत सामावणारे ई-रीडर हे उपकरण अशा वाचकाला सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ही सोय उपकरणावर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक ती मराठी संहिता कोणत्या रूपात त्यावर येते यावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार केला आहे.

ई-रीडरचा पडदा संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्याहून मुळातच वेगळा असतो. त्यात अतिसूक्ष्म कोशिका असतात व त्यांतील द्रवात पांढरे आणि काळे, परस्परविरुद्ध विद्युतभाराचे कण तरंगतात. विद्युतक्षेत्र बदलले की यांपैकी एका रंगाचे कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवण्यासाठी वीज लागत नाही. ती प्रामुख्याने पान उलटताना खर्च होते. पडदा कागदाप्रमाणे बाहेरच्या प्रकाशातच दिसतो, म्हणून विदर्भातील उन्हातही तो वाचता येतो. या तंत्रावर आधारलेले किंडल हे उपकरण अमेरिकेत २००७ मध्ये आले आणि डिसेंबर २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तके अधिकृतपणे उपलब्ध झाली.

या उपकरणावर मराठी मजकूर दोन रूपांत येतो आणि या दोहोंतील भेद अभ्यासकाने नीट समजून घ्यावयास हवा. पहिले रूप प्रवाही संहितेचे. त्यात प्रत्येक अक्षर संगणकाला अक्षर म्हणूनच ज्ञात असते; त्यामुळे टाइप मोठा करता येतो, ओळी नव्याने जुळतात, शब्द शोधता येतो, अधोरेखित भाग एकत्र मिळतो. दुसरे रूप पृष्ठाच्या छायाचित्राचे. जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या बहुसंख्य प्रती याच रूपात आढळतात. येथे संगणकाच्या दृष्टीने ‘अक्षर’ असे काही नसतेच, असतात ते केवळ काळे-पांढरे ठिपके. साडेआठ इंच उंचीचे डेमी आकाराचे पृष्ठ सहा इंची ई-रीडरच्या पावणेपाच इंच उंच पडद्यावर बसवले, तर १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम ७ पॉइंटचे उरते. समास कापून थोडी सुधारणा होते. पण रोमन लिपीपेक्षा देवनागरीला याची झळ अधिक पोहोचते, कारण अनुस्वार, मात्रा, रफार ही अर्थनिर्णायक चिन्हे शिरोरेषेच्या वर दाटीने बसलेली असतात.

या दोहोंच्या मधे आणखी एक वर्ग आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि मुद्रणव्यवसायात त्यानंतरही बराच काळ, मराठी मजकूर विशिष्ट फॉण्टांच्या खाजगी संकेतांत टंकलिखित होत असे. तो फॉण्ट नसेल तर तीच संहिता निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन पुढे येते. महानुभाव पंथाच्या इतिहासाची येथे आठवण होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बद्ध केले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या लिप्यांची उकल होईपर्यंत ते वाङ्मय इतर अभ्यासकांना जवळजवळ अज्ञात राहिले. तेथे गुप्तता हेतुपूर्वक होती; आपल्या काळातली गुप्तता केवळ अनवधानाने घडलेली आहे. १९९० च्या दशकातील अनेक प्रबंध व नियतकालिके आज संगणकावर असूनही अशा रीतीने कुलुपबंद आहेत.

प्रवाही संहिता हाती आली म्हणजे सर्व अडचणी संपतात, असेही नाही. शब्दशोधाचे उदाहरण घेऊ. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन भिन्न रीतींनी लिहिता येतो. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तत्पूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून साधले जाई. डोळ्यांना रूपे एकच दिसतात, पण यंत्र त्यांना भिन्न समजू शकते आणि शोध निष्फळ ठरतो. याहून महत्त्वाचा प्रश्न शुद्धलेखनाचा. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी सानुस्वार रूपे सर्वत्र आढळतात. हरिभाऊ आपट्यांच्या जुन्या आवृत्तीत ‘काही’ हा शब्द शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तो तेथे नाही असेच यंत्र सांगेल. शोधाचे फलित शून्य म्हणजे पुरावा नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे टाळला पाहिजे.

विरंगुळ्याचे वाचन आणि अभ्यासाचे वाचन यांतील अंतर सर्वांत स्पष्ट होते ते संदर्भ देताना. कादंबरी आवडीने वाचणाऱ्याला पृष्ठांकाची गरज नसते; मोठा टाइप आणि हलके उपकरण एवढे त्याला पुरते. (कवितेच्या वाचकाला मात्र टाइप मोठा करताना जपावे लागते. मुक्तछंदातील लांब ओळ मधेच मोडली की कवीने योजलेला विराम कोणता आणि यंत्राने लादलेला कोणता, हे कळेनासे होते.) प्रबंधलेखकाला पृष्ठांक हवा असतो, आणि प्रवाही संहितेत पृष्ठ हे स्थिर परिमाणच राहत नाही. उपकरण जो स्थानांक दाखवते तो त्या प्रणालीपुरता मर्यादित असतो. छापील प्रत बाळगणाऱ्या परीक्षकाला त्याचा उपयोग नाही.

येथे आपली जुनी परंपरा साहाय्याला येते. पोथीच्या काळी दोन हस्तलिखितांची पाने कधीच जुळत नसत. म्हणून ज्ञानेश्वरीचा निर्देश अध्याय व ओवी यांनी, तर ‘लीळाचरित्रा’चा भाग व लीळा यांनी करण्याची पद्धत सोयीची ठरली. पृष्ठांक हे मुद्रणयुगाचे अपत्य आहे. संहितेच्या अंतर्गत रचनेवर आधारलेला निर्देश माध्यम बदलले तरी टिकतो. तथापि तोही आवृत्तिनिरपेक्ष नसतो. राजवाडे यांनी संपादिलेल्या ज्ञानेश्वरीची ओवीसंख्या प्रचलित प्रतीहून वेगळी आहे. लीळांचा क्रमही पाठपरंपरेनुसार बदलतो. तेव्हा आवृत्तीचा व संपादकाचा उल्लेख अनिवार्यच राहतो. आधुनिक गद्याच्या बाबतीत प्रकरण आणि परिच्छेदक्रमांक हा निर्देश विभागांनी अधिकृतपणे स्वीकारावा, असे सुचवावेसे वाटते. तोपर्यंत विद्यार्थ्याने ई-रीडरवर वाचावे, टिपणे काढावीत. पण अवतरण छापील प्रतीशी पडताळूनच प्रबंधात घ्यावे.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी त्याचे लेखन हक्कमुक्त होते. १९१९ मध्ये निवर्तलेल्या हरिभाऊंपासून अनेकांचे साहित्य आज या कक्षेत येते. प्रत्येक मराठी विभागाने दरवर्षी असा एक ग्रंथ निवडून, आधारभूत आवृत्ती नमूद करून, मूळ लेखनपद्धती कायम ठेवून व परिच्छेदांना क्रमांक देऊन त्याची युनिकोड संहिता सिद्ध केली, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पाठचिकित्सेचे प्रत्यक्ष शिक्षणही मिळेल. अशी विश्वसनीय संहिता नसेल, तर वाचक हाती येईल त्या सदोष प्रतीवर विसंबतो आणि तिच्यातील चूक प्रबंधातून प्रबंधात उतरत जाते. कन्हानच्या विद्यार्थ्याला उपकरण बाजारातून विकत घेता येईल. त्यावर वाचण्याजोगी विश्वासार्ह संहिता मात्र आपल्या विभागांनीच सिद्ध करून दिली पाहिजे.