वैद्यकीय व्यवसाय आणि कायद्याचा धाक

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावात डॉक्टर हा केवळ व्यावसायिक नसतो. अडीनडीला सल्ला विचारावा असा तो घरचाच माणूस असतो. तथापि मध्यरात्री छातीत कळ आलेला रोगी दारात आला की या घरच्या माणसालाही आज एक प्रश्न पडतो. हाताशी असतील ते उपचार आपणच सुरू करावेत, की चिठ्ठी देऊन रोग्याला थेट कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे धाडावे? हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा असता तर चिंतेचे कारण नव्हते. त्याच्या पाठीशी खटल्याची आणि मोडतोडीची भीती उभी आहे.

ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु कायदा नेमके काय म्हणतो हे पाहिल्याविना तिचे मोजमाप होणार नाही. या विषयावरील भारतातील मूलगामी निवाडा महाराष्ट्रातील आहे. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला मोटारीने पुण्यास नेण्यात आले. तेथे पुरेशी भूल न देता हाड बसविण्याचा प्रयत्न झाला आणि त्याच दिवशी रात्री तो मुलगा दगावला. दावा लावणारे वडील स्वतःच डॉक्टर होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1968 साली त्याचा अंतिम निकाल लागला, तेव्हा भरपाई होती अवघी 3,000 रुपये! वडिलांनी पंधरा वर्षे लढा दिला तो या रकमेसाठी नव्हे, हे उघड आहे.

त्या निकालाने डॉक्टराची तीन कर्तव्ये सांगितली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो उपचार करताना वाजवी काळजी घेणे. रोगी बरा झालाच पाहिजे अशी हमी न्यायालयाने मागितलेली नाही.

पुढे 1995 मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली आणि डॉक्टर-रोगी संबंधाचे रूपच पालटले. पूर्वी दिवाणी दाव्याच्या खर्चाला भिऊन गप्प बसणारा कारकून वा शेतमजूर आता जिल्हा आयोगापुढे उभा राहू शकतो. हा बदल स्वागतार्हच होता. फौजदारी बाजूला मात्र 2005 च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने डॉक्टरांना आधार दिला. फौजदारी गुन्हा ठरण्यास निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. दुसऱ्या जाणकार डॉक्टराचा विश्वासार्ह अभिप्राय असल्याशिवाय खासगी फिर्याद दाखल करून घेऊ नये आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये, असे न्यायालयाने बजावले.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणामुळे मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंतच आहे. परंतु येथे ‘नोंदणीकृत’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याखालील पदवी आणि नोंदणी असलेला. आयुर्वेद वा होमिओपॅथीची पदवी घेऊन खेड्यात व्यवसाय करणारा डॉक्टर या व्याख्येत बसत नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टराने अ‍ॅलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या ‘पूनम वर्मा’ खटल्यात 1996 सालीच म्हटले होते. ग्रामीण भागाची आरोग्यसेवा ज्यांच्या खांद्यावर बव्हंशी उभी आहे, त्यांनाच कायद्याची झळ अधिक लागावी, ही विसंगती शासनाने गांभीर्याने पाहण्यासारखी आहे.

मोडतोडीविरुद्धही कायदा आहे. 2010 च्या महाराष्ट्र अधिनियमाने डॉक्टरांवरील हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई ठेवली. परंतु संतापलेला जमाव कलमे वाचून येत नाही. आत काय चालले आहे हे तासन् तास कोणी सांगितले नाही, की संशय वाढतो आणि त्यातून हात उगारला जातो.

मग उपाय कोणता? तो बराचसा डॉक्टराच्या हाती आहे. रोग्याला धोका समजेल अशा भाषेत सांगावा. संमतीपत्रावर नुसती सही घेऊन भागत नाही, हे 2008 च्या ‘समीरा कोहली’ निकालाने स्पष्ट केले आहे. दाखल रोग्याची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत आणि मागितल्यास 72 तासांत द्यावीत, हा 2002 च्या आचारनियमांचा दंडक आहे. तो पाळणाऱ्या डॉक्टराला न्यायालयात आपली बाजू मांडता येते. वही कोरी असेल तर निर्दोष माणूसही अडचणीत येतो. रोग्याला पुढे पाठविताना काय दिले, केव्हा दिले आणि का पाठविले, या चार ओळींची चिठ्ठी पुढच्या डॉक्टराच्या आणि प्रसंगी स्वतःच्याही कामी येते.

समाजाचेही एक कर्तव्य आहे. प्रत्येक मृत्यू हा अपराध नसतो. कायद्याच्या भीतीने गावातल्या डॉक्टराने अवघड रोग्याला हात लावणेच सोडले, तर कोल्हापूरच्या वाटेवर जे जीव जातील त्यांची दाद कोणत्याच आयोगापुढे लागणार नाही. चुकणाऱ्याला जाब विचारणारा आणि प्रामाणिकपणे झटणाऱ्याला निर्भय ठेवणारा कायदा हवा. आणि त्याचा अंमल चोख व्हावयाचा तर वैद्यकीय अभिप्राय देणाऱ्या शासकीय मंडळांनी आपले काम निःपक्षपणे आणि वेळेत केले पाहिजे. तसे झाले तर पंधरा वर्षे कोर्टाची पायरी चढण्याची पाळी कोणाही पित्यावर येणार नाही.