डीएनए आणि आरएनए : टोमॅटोच्या दोन रोगांतून ओळख

वाराणसीचा दशाश्वमेध घाट 1748 साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी बांधविला, म्हणून मराठी यात्रेकरूला तो परका वाटत नाही. टोमॅटो उत्पादकाचेही या नगरीशी नाते आहे. वाराणसीनजीक शहंशाहपूर येथील भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने पर्णगुच्छ रोगास प्रतिकारक असा ‘काशी विशेष’ वाण विकसित केला. ही प्रतिकारशक्ती रानटी टोमॅटोकडून आली आहे. परंतु असा वाण शेंडेमरीपासूनही वाचेल असे गृहीत धरू नये, कारण हे दोन विषाणू मुळातच भिन्न आहेत. पर्णगुच्छाच्या विषाणूचे जनुकीय द्रव्य डीएनए आहे, तर शेंडेमरीच्या विषाणूचे आरएनए.

दोन्ही रेणू न्यूक्लिओटाइडांच्या लांब साखळ्या आहेत. ॲडेनिन, ग्वानिन व सायटोसिन हे तीन घटक दोहोंत समान असतात. चौथा घटक डीएनएमध्ये थायमिन, तर आरएनएमध्ये युरॅसिल असतो. वनस्पतीच्या पेशीत डीएनए वारसा जपतो. त्यातील संदेशाची प्रत आरएनए वाहून नेतो आणि त्यानुसार प्रथिन तयार होते.

डीएनए दुपेडी व आरएनए एकपेडी असतो, असे आपण शिकतो. पर्णगुच्छाच्या विषाणूतील डीएनए मात्र एकपेडीच असतो. खरा भेद शर्करेत आहे. आरएनएतील रायबोज शर्करेवर एक हायड्रॉक्सिल गट अधिक असतो, म्हणून तो रेणू लवकर तुटतो. डीएनए तुलनेने टिकाऊ आहे.

या भेदाचा परिणाम निदानावर होतो. डीएनए विषाणूसाठी पीसीआर चाचणी थेट करता येते. आरएनए विषाणूच्या बाबतीत आधी आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करावी लागते. म्हणून नमुना पाठविताना लक्षणे नोंदवावीत. पाने आकसून वळलेली, झाड खुजे आणि पांढरी माशी आढळल्यास पर्णगुच्छाचा संशय घ्यावा. कोवळी पाने तांबूस-काळपट, शेंडा वाळलेला आणि फुलकिडे दिसल्यास शेंडेमरीचा संशय घ्यावा. दुसऱ्या प्रकारचा नमुना उन्हात ठेवू नये. ताजी, लक्षणे असलेली पाने पिशवीत घालून, बर्फाच्या पेटीतून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावीत.

नमुन्यातील आरएनए वाटेतच नष्ट झाला, तर रोगट झाडाचा अहवालही ‘विषाणू आढळला नाही’ असा येऊ शकतो.