चार हात लावले, तर काम चौपट वेगाने होतं का?

काळ-काम-वेगाची गणितं आपण नेहमीच शिकवतो. एक मजूर आठ दिवसांत भिंत बांधतो, तर चार मजूर दोन दिवसांत. मग चार कोअरचा संगणक चौपट वेगाने काम करतो का? एक खरं उदाहरण पाहू.

एमआरआय यंत्र थेट फोटो काढत नाही. शरीरातून येणाऱ्या संकेतांचे आकडे ते नोंदवतं. त्या आकड्यांचं चित्र करायला फूरियर रूपांतर नावाचं गणित वापरतात.

समजा, एका ओळीत १०२४ आकडे आहेत. सरळ पद्धतीने १०२४ × १०२४, म्हणजे १०,४८,५७६ गुणाकार होतात. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी जलद पद्धत प्रसिद्ध केली. ओळीचे सम-विषम असे दोन भाग करायचे, त्यांचे पुन्हा दोन. असे १० टप्पे होतात आणि काम साधारण १०,२४० क्रियांवर येतं. एकही जास्तीचा हात न लावता सुमारे शंभरपट बचत!

आता हात वाढवू. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा. चित्रात १०२४ ओळी आणि १०२४ स्तंभ असतील, तर आधी ओळींचं रूपांतर करायचं, मग स्तंभांचं. ओळी एकमेकींवर अवलंबून नसतात, म्हणून चार थ्रेडना प्रत्येकी २५६ ओळी वाटता येतात. पण प्रत्येक स्तंभात प्रत्येक ओळीतला एक आकडा असतो. त्यामुळे तिघांचं उरकलं तरी चौथ्यासाठी थांबावंच लागतं.

याचा हिशोब सोपा आहे. समजा, एकट्याला १०० सेकंद लागतात आणि त्यातले १० सेकंदांचं काम वाटताच येत नाही. उरलेले ९० चौघांत वाटले की २२.५. एकूण ३२.५ सेकंद, म्हणजे वेग जेमतेम तिप्पट. हजार थ्रेड लावले तरी १० सेकंदांच्या खाली जाता येणार नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा दाखवली. आणि काम छोटं असेल, तर थ्रेड तयार करण्यातच जास्त वेळ जाऊ शकतो.

वर्गात करून पाहा. चाळीस संख्यांची बेरीज आधी एका मुलाला द्या. मग तशाच दुसऱ्या चाळीस संख्या चौघांत वाटा आणि शेवटी चार बेरजा एकाला मिळवायला सांगा. घड्याळ लावा आणि विचारा, "कोण कोणासाठी थांबलं?" मजुरांच्या गणितात न दिसणारा वेळ मुलांना तिथे सापडेल.