करवंदीची जाळी

वैशाखाचे दिवस असतात. डोंगरावरचे गवत वाळलेले असते आणि झरे आटलेले असतात. अशा वेळी सह्याद्रीच्या खडकाळ उतारावर एक झुडूप मात्र हिरवेगार असून काळ्याभोर फळांनी लगडलेले दिसते. ते झुडूप करवंदीचे होय.

करवंदीच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की, लोक तिला 'जाळी' असेच म्हणतात. तिची पाने जाड व तुकतुकीत असतात. त्यामुळे त्यांतील ओलावा लवकर उडून जात नाही. माघ-फाल्गुनात तिला जाईसारखी पांढरी, सुवासिक फुले येतात. मग हिरवी, आंबट फळे धरतात. त्यांचे लोणचे घालतात. पिकताना ती लाल, जांभळी व शेवटी काळी होतात. पिकलेले करवंद चावून आत लाल निघाले तर 'कोंबडा' आणि पांढरे निघाले तर 'कोंबडी', हा खेळ तुमच्यापैकी कित्येकांनी खेळला असेल.

कच्चे फळ तोडताच पांढरा चीक येतो. विषारी कण्हेरीलाही असाच चीक असतो, कारण दोघींचे कूळ एकच आहे. कूळ एक, पण गुण किती निराळे!

असे मधुर फळ देणाऱ्या झुडपाला तीक्ष्ण काटे कशासाठी? काट्यांमुळे गुरे जाळीत शिरत नाहीत. म्हणून तेथे सशांना व पाखरांना आसरा मिळतो आणि इतर झाडांची कोवळी रोपेही सुरक्षित वाढतात. बुलबुलासारखे पक्षी फळे खातात व बिया दूरवर टाकतात. अशा रीतीने एका जाळीतून दुसरी जाळी जन्म घेते.

या जाळ्या माणसांनाही पोसतात. ठाकर व कातकरी स्त्रिया पहाटेच डोंगर चढतात, काट्यांचे ओरखडे सोसून करवंदे वेचतात आणि पानांच्या द्रोणांत घालून घाटरस्त्यांवर विकतात. ही करवंदे कोणी पेरलेली नसतात. परंतु वणवा लागला किंवा डोंगर खणला गेला, तर त्या जाळ्यांबरोबर या स्त्रियांची उन्हाळ्यातील मिळकतही नाहीशी होते.

मुलांनो, करवंदांचा द्रोण हाती घ्याल, तेव्हा तो देणाऱ्या हातांवरचे ओरखडे एकदा पाहा. बिया मात्र केरात टाकू नका. पावसाळा तोंडावर आला की त्या एखाद्या उघड्या माळावर पेरा. आपण ज्याचे गोड खाल्ले, त्याचे थोडे तरी परत करावे.