बंब केवढा घ्यावा?

पनवेलच्या जुन्या वाड्यांतून पूर्वीं तांब्याचा बंब असे. मध्यें विस्तवाची नळी, भोंवतीं पाणी. एक घागर कढत काढावी, तितकेंच थंड वरून ओतावें. सारें घर त्यावर न्हाऊन निघे, आणि बंब केवढा असावा हा प्रश्न क्वचितच पडे. आज विजेचा बंब घेतांना तो पडतो, आणि पुष्कळ जण तो दुकानदारावर सोंपवून मोकळे होतात.

वास्तविक हिशेब अवघड नाहीं. नळाचें पाणी २५ अंश व बंबांतील ६० अंश धरा. ४० अंशांची २० लिटरांची बादली हवी, तर तींत कढत पाणी साडेआठ लिटरच लागतें. म्हणजे १५ लिटरांच्या बंबांत दोघांचें स्नान जेमतेम होतें, २५ लिटरांत जवळजवळ तिघांचें. मग चौघांच्या घरीं मोठा बंबच हवा काय? तसें नाहीं. २ किलोवॅटचा बंब १५ लिटर पाणी सुमारें १८ मिनिटांत पुन्हां तापवितो. मंडळी अंतरानें न्हात असतील तर धाकटा पुरे. सर्वांनाच मुंबईची सकाळची गाडी गांठावयाची असेल, तर मात्र २५ लिटरांचा घ्यावा. माथेरानीं पाणी १५ अंशांवर उतरलें, तर तीच बादली ११ लिटर कढत पाणी मागेल. शॉवरवाल्यांचा हिशेब निराळा. पांच मिनिटांत दोन बादल्या सहज जातात.

गॅसच्या बंबांत पाणी वाहतां वाहतांच तापतें, म्हणून सांठ्याची चिंता नाहीं. परंतु कोंडलेल्या न्हाणीघरांत त्याच्या ज्योतीपासून कार्बन मोनॉक्साइड सांचतो. त्यास वास नाहीं. माणूस बेशुद्ध होतो, प्राणही जातो. तो बसवावयाचा तर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंतच.