ढेकूण : स्वभाव, उपद्रव आणि निर्मूलन

पंचतंत्रात एका राजाच्या शय्येची कथा आहे. त्या शय्येवरील शुभ्र वस्त्रात मंदविसर्पिणी नावाची ऊ सुखाने राहत असे. तिच्याकडे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून आला आणि राजा झोपी जाण्याची वाट न पाहता त्याने दंश केला. राजा ताडकन उठला. सेवकांनी शोध घेतला, तेव्हा वस्त्राच्या सांध्यात बसलेली ऊ सापडली व मारली गेली. ढेकूण मात्र पलंगाच्या फटीत शिरून निसटला. ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याला आश्रय देऊ नये, हे ह्या कथेचे तात्पर्य होय. कीटकशास्त्राच्या दृष्टीने मात्र तीत आणखी एक बोध आहे. सेवकांनी वस्त्र तपासले, पलंगाची फट तपासली नाही. आजही अनेक घरांत नेमके हेच घडते.

ओळख व जीवनक्रम

जगातील बहुतेक मानवी वस्त्यांत ढेकणाच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. एक थंड व समशीतोष्ण प्रदेशातील, दुसरी उष्ण प्रदेशातील. भारतात दुसरी जाती विशेष आढळते. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे ५ ते ६ मिलिमीटर लांब, तांबूस तपकिरी व चपटा असतो. त्याला उडण्याजोगे पंख नसतात. शरीर चपटे असल्यामुळे पोस्टकार्डाची कड जेमतेम शिरेल अशा फटीतही तो सहज राहू शकतो.

नर, मादी आणि पिल्ले ह्या सर्वांचे अन्न रक्त हेच होय. आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड व शरीराची ऊब ह्यांच्या अनुरोधाने ढेकूण निजलेल्या माणसाकडे येतो, पाच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि फटीत परततो. दंशाच्या वेळी तो लाळ सोडतो. तिच्यामुळे रक्त गोठत नाही. दंश त्या क्षणी सहसा जाणवत नाही. खाज मागाहून सुटते. काही व्यक्तींच्या त्वचेवर तर कोणतीच खूण उमटत नाही. म्हणून एकाच अंथरुणावर निजणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात व दुसरा तक्रार करीत नाही. एवढ्यावरून दुसऱ्याला ढेकूण चावलेच नाहीत असे समजू नये.

मादी फटींत, शिवणींत व पोपड्यांखाली सुमारे एक मिलिमीटर लांबीची पांढुरकी अंडी चिकटवून ठेवते. ती आपल्या आयुष्यात शेकडो अंडी घालू शकते. उबदार हवेत ती सुमारे ६ ते १० दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते आणि प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी त्याला रक्त मिळावे लागते. अनुकूल परिस्थितीत अंड्यापासून प्रौढ अवस्थेपर्यंतचा हा प्रवास पाच ते आठ आठवड्यांत पुरा होतो. उलटपक्षी, अन्नावाचूनही ढेकूण कित्येक आठवडे, थंड हवेत तर कित्येक महिने, तग धरतो. त्यामुळे खोली काही दिवस बंद ठेवल्याने तो उपाशी मरेल ही आशा व्यर्थ आहे.

ढेकूण रोग पसरवितो काय?

ह्या प्रश्नाच्या इतिहासात भारताचे स्थान मोठे आहे. १९०७ साली मद्रास येथे पॅटन ह्या शास्त्रज्ञाने काळा आजाराच्या जंतूची वाढ ढेकणाच्या शरीरात होत असल्याचे नोंदविले आणि तोच ह्या रोगाचा वाहक असावा असा तर्क केला. पुढे संशयाची सुई वालुमक्षिकेकडे वळली. १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन ह्यांनी वालुमक्षिकेच्या दंशाने स्वयंसेवकांना काळा आजार होतो हे प्रयोगाने दाखविले. ढेकणामुळे माणसांत एखादा रोग नेहमीच्या व्यवहारात पसरतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही.

तथापि, ह्याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा नव्हे. खाजविल्याने जखमा होतात व त्या चिघळतात. अभ्यास करणाऱ्या मुलाची आणि दिवसभर राबणाऱ्या मजुराची झोप मोडते. फार मोठ्या संख्येने ढेकूण असलेल्या घरांत लहान मुलांच्या पंडुरोगास हा रक्तशोष हातभार लावीत असावा, असे दोन भारतीय संशोधकांनी १९६२ साली दाखवून दिले.

डी.डी.टी.चा धडा

१९३९ साली पॉल म्युलर ह्यांना डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण आढळला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या औषधाने ढेकणांचा कायमचा नाश होईल असे वाटू लागले. परंतु १९४७ सालीच हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे डी.डी.टी.ला न जुमानणारे ढेकूण आढळले. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व घराघरांत फवारणी झाली. अशा फवारणीने प्रथम डासांबरोबर ढेकूणही मरत, आणि लोक संतुष्ट होत. पुढे ठिकठिकाणी प्रतिकारक्षम ढेकूण शिल्लक राहिले. औषधाच्या स्पर्शाने ते मरत नसत, उलट खवळून बाहेर पडत; त्यामुळे लोक फवारणीलाच नाखूश होऊ लागले. त्यानंतर आलेल्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांनाही आज अनेक ठिकाणचे ढेकूण दाद देत नाहीत.

कारण उघड आहे. प्रत्येक फवारणीत दुर्बळ मरतात, सबळ उरतात आणि पुढील पिढी त्या उरलेल्यांचीच असते. म्हणून केवळ विषावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

खात्रीचे उपाय

पहिला उपाय शोध हा होय. रात्री विजेरी घेऊन गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, बाजेच्या सुतळीच्या गाठी, नवारीच्या घड्या, लोखंडी खाटेच्या नळ्यांची उघडी तोंडे, भिंतीवरील तसबिरींच्या मागची बाजू आणि वेताच्या खुर्च्या तपासाव्यात. काळसर ठिपके, टाकलेली कात व विशिष्ट उग्र वास ह्या त्याच्या वस्तीच्या खुणा होत.

दुसरा उपाय उष्णता. सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानाला ढेकूण व त्याची अंडी अल्पावधीत मरतात आणि ह्या मृत्यूला त्याच्यापाशी प्रतिकार नाही. चादरी, अभ्रे व गोधड्या ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून धुवाव्यात. खाट अंगणात नेऊन तिच्या सांध्यांत व नळ्यांत उकळते पाणी ओतावे. हे काम मोठ्या माणसांनी करावे व मुलांना दूर ठेवावे. गादी उन्हात घालण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. मात्र ऊन वरच्या थरालाच तापविते आणि ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतात. म्हणून गादी वारंवार उलटावी व शिवणी ताठ कुंचल्याने झाडाव्यात.

तिसरा उपाय अटकाव. खाट भिंतीपासून दूर सरकवावी, पांघरुणे जमिनीवर लोळू देऊ नयेत आणि खाटेचे पाय साबणाच्या पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवावेत. कोरड्या गुळगुळीत वाटीवर भरवसा ठेवू नये. उष्ण प्रदेशातील ढेकूण गुळगुळीत पृष्ठभागावर दुसऱ्या जातीपेक्षा अधिक सहज चढतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. भिंतीच्या भेगा सिमेंटने व लाकडाच्या फटी लांबीने बुजवाव्यात.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय सातत्य. एकदा सफाई केल्यावर सुटलेली अंडी आठवडाभरात फुटतात. म्हणून दर आठवड्याला, निदान दोन महिने, हीच तपासणी व सफाई पुन्हा करावी.

सावधगिरी व प्रतिबंध

शेतातील कीटकनाशके अंथरुणावर कधीही मारू नयेत. धान्य साठविताना वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. घरात त्या ठेवल्याने माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. खाटेला घासलेट चोपडल्यास आगीचा धोका असतो. औषध वापरणे अपरिहार्य झाल्यास ते घरगुती वापरासाठी मान्य केलेलेच असावे आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून वापरावे.

ढेकूण उडत नाही. त्याला आपणच वाहून आणतो. प्रवासातील वळकटी, वसतिगृहातील ट्रंक, जुन्या बाजारातील पलंग ही त्याची वाहने. प्रवासाहून आल्यावर सामान उंबऱ्याबाहेर तपासावे. जुने लाकडी सामान उकळत्या पाण्याने धुऊनच घरात घ्यावे. चाळीत किंवा वसतिगृहात शेजारच्या खोल्यांनीही एकाच वेळी सफाई करावी, नाहीतर तो भिंतीच्या फटीतून परततो.

ढेकूण स्वच्छ घरातही येतो, श्रीमंताच्या महालातही येतो. त्याची लाज बाळगून गोष्ट लपविल्यास त्याला वाढण्यास अवधी मिळतो. शेजाऱ्यांना वेळीच सांगावे, एकत्र शोध घ्यावा आणि राजाच्या सेवकांनी जी फट तपासली नाही ती तपासावी.